सकाळी ब्राउझर उघडला की कालचे टॅब नाहीत, लॉगिनही नाही: दोष कुठं शोधायचा?

प्रश्न बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरजवळ ऑनलाइन सेंटर चालवणाऱ्या एका ताईंचा आहे. थोडक्यात असा: विंडोजचा एक डेस्कटॉप, सरकारी कामांना क्रोम, बँक आणि स्वतःच्या मेलला फायरफॉक्स. रोज लागणारे पंधरा-वीस टॅब उघडे ठेवून त्या रात्री मशीन बंद करतात. सकाळी कधी टॅब असतात, कधी नसतात. कधी टॅब येतात, पण सगळीकडं पुन्हा लॉगिन करावं लागतं. लाइट गेली की हमखास गोंधळ. मदतीला येणाऱ्या मुलानं क्रोम काढून पुन्हा टाकला, फरक नाही. बँकेची साइट तर थोडा वेळ हात लावला नाही की बाहेरच काढते. आता विंडोजच नवीन टाकून घेऊ का, असं त्या विचारतात.

नका टाकू, ताई. बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यांची ऑफिसं, काही पतसंस्था आणि तालुक्यातली तुमच्यासारखी सेंटरं यांची मशीनं सांभाळण्यात माझी बरीच वर्षं गेली. ही तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना फॉरमॅटची गरज असते, आणि घाईनं फॉरमॅट केलं की जे वाचवता आलं असतं तेही जातं. क्रोम पुन्हा टाकून फरक का पडला नाही, त्याचं कारण सरळ आहे. प्रोग्रॅम निघतो, पण तुमचा डेटा ज्या फोल्डरात असतो तो, म्हणजे प्रोफाइल, जागच्या जागी राहतो. काढताना ‘ब्राउझिंग डेटाही पुसा’ या चौकटीवर खूण केली तरच तो जातो. त्यामुळं नवा क्रोम जुन्याच सेटिंग घेऊन उभा राहिला. फायरफॉक्सचंही तसंच.

ब्राउझर आपणहून काही विसरत नाही. एक तर बंद होताना पुसून टाक असं कुणीतरी त्याला सांगून ठेवलेलं असतं. नाहीतर लिहून ठेवायला त्याला वेळ मिळालेला नसतो. किंवा लिहिलेलं सगळं शाबूत असतं आणि तो भलत्याच फोल्डरात बघत असतो. तुमच्या वर्णनावरून मला यातल्या निदान दोन गोष्टी एकाच वेळी चालू असाव्यात असं दिसतं, म्हणूनच कधी टॅब जातात आणि कधी नुसतं लॉगिन जातं.

पण कारण शोधण्याआधी एक. उद्या सकाळी टॅब गायब दिसले तर ब्राउझर पुन्हा पुन्हा बंद-उघड करून बघू नका. सगळेजण नेमकं हेच करतात. फायरफॉक्स नीट बंद झाला की चालू सेशन, म्हणजे उघड्या विंडो आणि टॅबांची नोंद, एका फाइलीत लिहितो, आणि पुढच्या वेळी सुरू झाल्यावर तीच फाइल ‘प्रीव्हियस’ नावानं बाजूला ठेवतो. दोनदा रिकामा उघडून बंद केला की या ‘प्रीव्हियस’मध्येही रिकामं सेशन येऊन बसतं. क्रोमसुद्धा चालू आणि त्याच्या आधीचं एवढंच जपतो. तुमची प्रत्येक ‘बघूया येतात का’ ही एक पायरी मागचं पुसत जाते.

त्याऐवजी आधी कंट्रोल, शिफ्ट आणि टी ही बटणं एकदम दाबा. क्रोममध्ये यानं नुसता शेवटचा टॅब नाही, तर कधी कधी अख्खी बंद झालेली विंडो परत येते. फायरफॉक्समध्ये हिस्ट्रीच्या मेन्यूत ‘रिस्टोर प्रीव्हियस सेशन’ आणि ‘रिसेंटली क्लोज्ड विंडोज’ अशा दोन जागा आहेत, त्या बघा. लाइट जाऊन मशीन बंद पडलं असेल तर क्रोम सुरू होताना कोपऱ्यात ‘रिस्टोर’ असं बटण असलेली छोटी चौकट दाखवतो. गिऱ्हाईक समोर उभं असलं की आपण ती चौकट फुली मारून बंद करतो. फुली मारू नका.

यानं काम झालं नाही तर फायली हातानं काढून ठेवायच्या. फायरफॉक्समध्ये मेन्यू, हेल्प, ‘मोअर ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ असं गेलात की ‘प्रोफाइल फोल्डर’ची ओळ दिसेल. तिथलं ‘ओपन फोल्डर’ दाबा. आत ‘सेशनस्टोअर-बॅकअप्स’ नावाचा फोल्डर आहे, तो अख्खा डेस्कटॉपवर कॉपी करा आणि मग फायरफॉक्स बंद करा. कॉपी केलेल्या फोल्डरात ‘रिकव्हरी’ नावाच्या दोन फायली, एखादी ‘प्रीव्हियस’ आणि मागं लांबलचक आकडा लावलेल्या ‘अपग्रेड’ नावाच्या फायली मिळतील. नोटपॅडमध्ये उघडून काही वाचता येणार नाही, त्या दाबून बांधलेल्या असतात. तारीख आणि आकार बघा. पंधरा-वीस टॅबचं सेशन रिकाम्या सेशनपेक्षा उघड उघड मोठं असतं. ती मोठी फाइल मूळ प्रोफाइल फोल्डरात न्या आणि तिचं नाव बदलून ‘सेशनस्टोअर’ करा, शेपटी, म्हणजे नावातला टिंबानंतरचा भाग, मात्र ‘जेसनएलझेड४’ हीच (sessionstore.jsonlz4). विंडोजमध्ये फाइलींच्या शेपट्या दिसत नसतील तर आधी त्या दिसतील असं सेटिंग करा, नाहीतर नाव चुकीचं पडतं आणि फायरफॉक्स त्या फाइलीकडं ढुंकून बघत नाही. मग फायरफॉक्स सुरू करून हिस्ट्रीतून ‘रिस्टोर प्रीव्हियस सेशन’.

क्रोममध्ये पत्त्याच्या पट्टीत क्रोम, कोलन, दोन तिरप्या रेघा आणि व्हर्जन असं टाका. उघडणाऱ्या पानावर ‘प्रोफाइल पाथ’ लिहिलेला असतो. त्या फोल्डरात ‘सेशन्स’ नावाचा फोल्डर आहे, आत ‘सेशन’ आणि ‘टॅब्स’ अशा जोड्या असतात. तो फोल्डरही आधी कॉपी करा. क्रोम पूर्ण बंद करून मूळ फोल्डरातली आजची लहान जोडी बाहेर काढली आणि कालची मोठी जोडी ठेवली, की बऱ्याचदा जुनं सेशन उभं राहतं. फायरफॉक्सइतकी ही वाट खात्रीची नाही, पण कॉपी हातात असल्यावर करून बघण्यात नुकसान काही नाही. आणि क्रोममध्ये तुमचं गूगल खातं व सिंक, म्हणजे खात्यामार्फत मशीन आणि फोनमधला डेटा जुळवणं, चालू असेल तर याहून सोपा मार्ग फोनवर आहे: फोनच्या क्रोममध्ये ‘रीसेंट टॅब्स’ उघडा, सेंटरच्या मशीनवर शेवटचे उघडे असलेले टॅब तिथं अजून दिसत असतात. मात्र सिंकमधून लॉगिन येत नाही. टॅब, बुकमार्क, पासवर्ड येतात, कुकीज येत नाहीत. क्रोममध्येही नाही, फायरफॉक्समध्येही नाही.

आता टॅब आणि लॉगिन वेगळे करू, कारण दोन्ही वेगळ्या फाइलींत राहतात आणि वेगळ्या कारणांनी जातात. टॅबची यादी सेशनच्या फाइलीत. लॉगिन राहतं कुकीमध्ये, म्हणजे साइटनं ब्राउझरात ठेवलेल्या छोट्या नोंदीत. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर मिळणाऱ्या बिल्ल्यासारखी ही कुकी. साइट तुम्हाला ओळखत नाही, बिल्ल्यावरचा नंबर ओळखते. बिल्ला हरवला की पुन्हा नाव सांगा, ओटीपी द्या. काही बिल्ल्यांवर मुदत लिहिलेली असते, ते ब्राउझर बंद केला तरी टिकतात. काहींवर मुदतच नसते, ते ब्राउझर बंद होईपर्यंतच. या दुसऱ्या जातीच्या कुकीज सेशन परत आणलं तर टॅबबरोबर परत येऊ शकतात. म्हणून टॅब जपले गेले की काही लॉगिनही आपसूक जपली जातात, आणि टॅब गेले की तीही जातात.

बँकेचं यात धरू नका. काही वेळ हालचाल झाली नाही की बँकेचा सर्व्हर तुमचा बिल्ला त्याच्या बाजूनं रद्द करतो. सरकारी पोर्टलंही बहुतेक तसंच करतात. ते तुमच्या मशीनवरून बदलता येत नाही आणि येऊही नये. पान आपोआप रिफ्रेश करून लॉगिन जिवंत ठेवणारी एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायची छोटी सॉफ्टवेअरं, मिळतात, ती सेंटरच्या मशीनवर बिलकूल टाकू नका.

दोष नेमका कुठं आहे हे शोधायला दोन पायऱ्यांची एक चाचणी करा. यात तासाभराचंही काम नाही, आणि यानंतर अंदाज बांधायचं कारण उरत नाही. आधी क्रोममध्ये स्वतःच्या मेलला लॉगिन करा आणि दोन-चार टॅब उघडा. मिनिटभर थांबा, मग मेन्यूतून ‘एक्झिट’ करून क्रोम बंद करा आणि पुन्हा उघडा. इथंच लॉगिन गेलं तर दोष ब्राउझरच्या सेटिंगचा किंवा एखाद्या एक्स्टेन्शनचा. राहिलं, तर आता मशीन नेहमीसारखं रीस्टार्ट करा. इथं गेलं तर दोष विंडोजच्या बाजूचा. तेही टिकलं, तर ब्राउझर आणि विंडोज दोन्ही निर्दोष आहेत, तुमचा शत्रू वीज किंवा डिस्क. हीच चाचणी फायरफॉक्सवर वेगळी करा. दोन्ही ब्राउझर एकदम विसरत असतील तर एकेका ब्राउझरची सेटिंग उकरत बसण्यात अर्थ नाही.

पहिल्याच पायरीवर अडलात असं धरू. क्रोमच्या सेटिंगमध्ये ‘ऑन स्टार्टअप’ला ‘कंटिन्यू व्हेअर यू लेफ्ट ऑफ’ निवडलंय का ते बघा. फायरफॉक्समध्ये ‘जनरल’मध्ये ‘ओपन प्रीव्हियस विंडोज अँड टॅब्स’. हे टॅबचं झालं. लॉगिनसाठी क्रोमच्या सेटिंगमधल्या शोधपट्टीत ‘ऑन-डिव्हाइस साइट डेटा’ शोधा. तिथं सगळ्या विंडो बंद झाल्यावर साइट्सचा डेटा पुसायचा असा एक पर्याय असतो. तो चालू असेल तर दुसरं काही शोधूच नका. फायरफॉक्समध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त तीन ठिकाणं बघायची: कुकीज बंद होताना पुसण्याची खूण, हिस्ट्री बंद होताना पुसण्याची खूण, आणि हिस्ट्री कधीच न ठेवण्याचा पर्याय. हा शेवटचा फार फसवा. तो चालू असला की फायरफॉक्स कायम खासगी विंडोसारखाच वागतो, पण खासगी विंडोची जांभळी खूण दिसत नाही, त्यामुळं शंकाच येत नाही.

माझा अंदाज विचाराल तर ही खूण तुमच्या सेंटरमध्ये कुणीतरी चांगल्या हेतूनं केलेली आहे. सेंटरवर गिऱ्हाइकांची लॉगिन होतात, ती पुसली जावीत म्हणून एखाद्या जाणत्या माणसानं ती करून ठेवली असेल. हेतू बरोबर आहे, जागा चुकीची. त्याचा उपाय पुढं सांगतो.

सेटिंग बरोबर असूनही दर वेळी ती उलटी होत असेल, तर क्रोमच्या तीन ठिपक्यांच्या मेन्यूत सगळ्यात खाली ‘मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन’ असं आलंय का ते बघा. घरच्या किंवा सेंटरच्या साध्या मशीनवर ही ओळ दिसणं म्हणजे कुठल्या तरी सॉफ्टवेअरनं वरून हुकूम लावलाय. फायरफॉक्समध्ये असाच प्रकार प्रोफाइल फोल्डरातल्या ‘यूजर’ नावाच्या जेएस फाइलीमुळं होतो. ती फाइल दर वेळी सुरू होताना तुमची सेटिंग खोडून स्वतःची लावते. तुम्ही ती केलेली नसेल तर बाहेर काढून ठेवा.

दुसरा प्रकार वेगळ्याच फोल्डरात बघण्याचा. क्रोममध्ये दोन प्रोफाइल असतील, एक तुमची आणि एक त्या मुलाची, तर टास्कबारवरच्या एका चिन्हावरून एक उघडतं आणि डेस्कटॉपवरच्या चिन्हावरून दुसरं. वरच्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर लक्ष ठेवा. ‘सगळं गेलं’ म्हणून आलेली किती तरी मशीनं त्या गोलावर एक क्लिक करून परत गेली आहेत. शॉर्टकटवर उजवं क्लिक करून ‘टार्गेट’ची ओळही वाचा. शेवटी ‘इनकॉग्निटो’ असा शब्द चिकटवलेला असेल तर तो ब्राउझर काही लक्षात ठेवणारच नाही. फायरफॉक्समध्ये २०१९ सालच्या ६७ व्या आवृत्तीपासून प्रत्येक इन्स्टॉलेशनला वेगळं प्रोफाइल मिळतं. म्हणून कुणी दुसऱ्या फोल्डरात नवा फायरफॉक्स टाकला की तो कोरा उघडतो आणि जुनं सगळं जुन्या प्रोफाइलात शाबूत असतं. पत्त्याच्या पट्टीत अबाउट, कोलन, प्रोफाइल्स असं टाकलं की सगळी प्रोफाइलं दिसतात, हवं ते ‘डिफॉल्ट’ करा. आणि ‘रिफ्रेश फायरफॉक्स’चं बटण कुणी दाबलं असेल तर डेस्कटॉपवर ‘ओल्ड फायरफॉक्स डेटा’ नावाचा फोल्डर सापडेल. कचरा समजून तो टाकू नका.

आपल्याकडच्या कामात आणखी एक खोड असते. इकडची आरटीसी, म्हणजे कर्नाटकातला जमिनीचा उतारा, काढायला एक विंडो, महाराष्ट्रात चंदगडकडं जमीन असलेल्या गिऱ्हाइकाचा सातबारा बघायला दुसरी विंडो, वर नाडकचेरीच्या (इकडच्या महसूल कार्यालयाच्या) अर्जाची तिसरी. संध्याकाळी मोठी विंडो फुलीनं आधी बंद केली आणि सातबाऱ्याची एकच टॅब असलेली विंडो शेवटी, तर ब्राउझरच्या लेखी कालचं सेशन म्हणजे ती शेवटची विंडो. सकाळी तेवढीच उघडते. म्हणून दिवस संपताना फुल्या मारत बसायचं नाही, मेन्यूतून ‘एक्झिट’ करायचं. फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि क्यू. सगळ्या विंडो एकदम बंद होतात आणि एकदम लक्षात राहतात.

दुसऱ्या पायरीवर, म्हणजे मशीन रीस्टार्ट केल्यावर सगळं जात असेल, तर डेस्कटॉपवर ‘खूण’ नावाचा एक फोल्डर करा आणि सी ड्राइव्हवर थेट तसाच एक करा. रीस्टार्ट करा. डेस्कटॉपवरचा गेला आणि सी ड्राइव्हवरचा राहिला, तर विंडोज तुम्हाला तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये घेतंय. लॉगिन होताना तशी सूचनाही क्षणभर येते, पण ती कोण वाचतो? मशीन अचानक बंद पडून तुमच्या खात्याची फाइल बिघडली की असं होतं, आणि मग बाहेर पडताना त्या सत्रातलं सगळं पुसलं जातं. एक-दोनदा रीस्टार्ट करून कधी कधी आपोआप सुटतं. नाही सुटलं तर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या कोठारात, हात घालावा लागतो, ते जाणकाराकडून करून घ्या. दोन्ही फोल्डर गेले, तर मशीनवर गोठवून ठेवणारं, म्हणजे दर रीस्टार्टला सगळं जुन्या स्थितीत नेणारं सॉफ्टवेअर आहे, कॉलेजच्या लॅबमध्ये असतं तसलं. जुन्या कॅफेचं किंवा लॅबचं मशीन विकत घेतलं असेल तर ही शक्यता आधी बघा. दोन्ही फोल्डर राहिले पण लॉगिन गेलं, तर मशीन सुरू होताना चालणारं एखादं सफाईचं सॉफ्टवेअर शोधा. ही सॉफ्टवेअरं कुकीज आणि सेशन यांना कचऱ्यात धरतात. माझं मत विचाराल तर आजच्या विंडोजला त्यांची गरज नाही, काढून टाका.

फक्त क्रोममधली लॉगिन आणि पासवर्ड एका दिवसात सगळे गेले आणि फायरफॉक्समधले राहिले, असं कधी झालंय का ते आठवा. क्रोम कुकीज कुलूपबंद ठेवतो आणि त्या कुलपाची किल्ली तुमच्या विंडोज खात्याशी बांधलेली असते. पासवर्ड विसरला म्हणून कुणी दुसऱ्या ॲडमिन खात्यातून तो जबरीनं बदलला की ती किल्ली निकामी होते. २०२४ मध्ये आलेल्या १२७ व्या आवृत्तीपासून हे कुलूप आणखी घट्ट झालं, कारण कुकीज चोरणाऱ्या व्हायरसांचा सुळसुळाट झाला होता. त्यामुळं क्रोमचा फोल्डर जुन्या मशीनवरून नव्यावर नुसता कॉपी केला तर बुकमार्क येतात, लॉगिन येत नाहीत. हा बिघाड नव्हे.

आता वीज. खानापूर तालुक्यात, त्यातही जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात, पावसाळ्यात लाइट कशी जाते-येते हे तुम्हाला मी सांगायला नको. पण नुसती लाइट गेली म्हणून टॅब जायला नकोत, हे आधी लक्षात घ्या. फायरफॉक्स काम चालू असताना दर १५ सेकंदांनी सेशन लिहितो, आणि नवी फाइल लिहिताना आधीची बॅकअप म्हणून ठेवतो. क्रोम कुकीज साधारण दर ३० सेकंदांनी डिस्कवर उतरवतो. म्हणजे लाइट गेल्यावर फार तर शेवटचं अर्धं मिनिट जावं. ओटीपी टाकून लॉगिन केलं आणि लगेच लाइट गेली तर ते लॉगिन गेलं, एवढं ठीक. त्याहून जास्त जात असेल तर पुढचं बघा.

खरा त्रास लाइट जाण्यापेक्षा लाइट दोनदा-तीनदा पाठोपाठ जाण्यानं होतो. फायरफॉक्स एकदा असा पडला तर पुढच्या वेळी मुकाट्यानं टॅब परत आणतो. पण लागोपाठ पडला तर एखादा टॅबच त्याला पाडतोय अशी त्याला शंका येते, आणि तो टॅबांची यादी दाखवून विचारतो: परत आणू की नवं सेशन सुरू करू? घाईत ‘स्टार्ट न्यू सेशन’ दाबलं जातं. लाइट स्थिर होईपर्यंत, पाच-दहा मिनिटं, मशीन सुरूच करू नका.

यूपीएस आहे म्हणाल. त्याची बॅटरी कधी बदलली? छोट्या यूपीएसमध्ये १२ व्होल्टची, ७ अँपिअर-अवरच्या आसपासची सीलबंद बॅटरी असते, ती दोन-तीन वर्षांत दम सोडते, आणि यूपीएसचा हिरवा दिवा मात्र जळतच राहतो. महत्त्वाचं काम चालू नसताना भिंतीतला प्लग काढून बघा. मशीन लगेच मान टाकत असेल तर बॅटरी गेली. आणि लेझर प्रिंटर यूपीएसवर लावलाय का? सेंटरांत हे हमखास असतं. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा भार पेलतो, आणि लेझर प्रिंटर कागद तापवताना त्याहून कितीतरी जास्त ओढतो. लाइट असताना चालून जातं. लाइट गेली, बॅटरीवर असताना आरटीसीची प्रिंट दिली, की यूपीएस बसतो आणि त्याच्याबरोबर मशीनही. प्रिंटर थेट भिंतीच्या प्लगवर घ्या. इन्व्हर्टर असेल तर त्यावर ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’ असा खटका असतो. तो ‘यूपीएस’वर हवा, नाहीतर बॅटरीवर जायला लागणारा वेळ कॉम्प्युटरला झेपत नाही आणि तो रीस्टार्ट होतो.

अशा झटक्यांनी डिस्कवर जे होतं ते वेगळंच. विंडोजची फाइल पद्धत फाइलींची नोंदवही सांभाळते, आतला मजकूर सांभाळेलच असं नाही. त्यामुळं फाइल जागेवर असते, आकारही बरोबर असतो, पण आत नुसती शून्यं. ब्राउझर ती उघडतो, ती वाचता येत नाही, मग नवी कोरी फाइल करतो. स्वस्तातल्या एसएसडींवर, म्हणजे फिरता भाग नसलेल्या नव्या जातीच्या डिस्कांवर, हे जास्त दिसतं. सी ड्राइव्हवर उजवं क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘टूल्स’मधून तपासणी चालवा, आणि डिस्कची तब्येत सांगणारं एखादं सॉफ्टवेअर चालवून बघा. तिथं डिस्क धोक्यात असल्याचं आलं तर आजच बॅकअप घ्या.

सी ड्राइव्ह भरलाय का, हेही याच ओघात. डाउनलोड फोल्डरात वर्षभराचे स्कॅन, आधारच्या पीडीएफ, भरलेले अर्ज साठतात. जागा संपली की सेशनची फाइल लिहिलीच जात नाही, आणि ब्राउझर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. गिऱ्हाइकांच्या आधारच्या प्रती तशाही तिथं राहता कामा नयेत.

मशीन बंद करून मेन स्विच काढल्यावर सकाळी तारीख चुकीची दिसते का? मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल संपला की असं होतं. तारीख मागं गेली तर साइट्स सुरक्षित नाहीत म्हणून ब्राउझर ओरडतो, ते कळून येतं. पण हातानं तारीख लावताना वर्ष पुढचं लागलं, तर मुदत संपली म्हणून कुकीज एकदम बाद होतात, आणि तारीख सुधारल्यावर त्या परत येत नाहीत. सेल कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो.

आता गिऱ्हाइकांच्या लॉगिनचं. पुसण्याची सेटिंग काढली की तुमची लॉगिन टिकतील, पण मग कुणाचं डिजिलॉकर, कुणाचं कर्नाटक सरकारच्या सेवा सिंधू पोर्टलचं खातंही तुमच्या मशीनवर टिकेल. म्हणून क्रोममध्ये सेंटरच्या कामाचं एक प्रोफाइल ठेवा आणि गिऱ्हाइकाचं प्रत्येक लॉगिन ‘गेस्ट’ विंडोत करा. वरच्या कोपऱ्यातल्या गोलावर क्लिक केलं की ‘गेस्ट’ मिळतं. ती विंडो बंद केली की त्यातलं सगळं जातं, तुमच्या प्रोफाइलला धक्का लागत नाही. पासवर्ड साठवू का असं ब्राउझर विचारेल तेव्हा गिऱ्हाइकाच्या खात्याला कधीही ‘हो’ म्हणू नका. बँकेचं काम गिऱ्हाइकाच्या फोनवरच होऊ द्या.

आणि रोजचे ते पंधरा-वीस टॅब सेशनच्या भरवशावर ठेवायचे कशाला? ते सगळे उघडे असताना कंट्रोल, शिफ्ट आणि डी दाबा, सगळ्यांचा मिळून बुकमार्कचा एक फोल्डर होतो. त्याला ‘सकाळ’ असं नाव द्या आणि तो पट्टीवर ठेवा. सकाळी त्या फोल्डरवर उजवं क्लिक करून ‘ओपन ऑल’ म्हटलं की सगळे टॅब हजर. सध्या कुठला टॅब महाराष्ट्राचा, कुठला कर्नाटकचा असा गोंधळ होत असेल तर दोन फोल्डर करा. अधूनमधून बुकमार्क मॅनेजरमधून ते एक्स्पोर्ट करून पेनड्राइव्हवर ठेवा. फाइल एचटीएमएल असते, दोन्ही ब्राउझरांत चालते.

चाचणीच्या दोन्ही पायऱ्या करून कुठल्या पायरीवर लॉगिन जातं, फक्त क्रोमचं की दोन्हीचं, आणि प्लग काढल्यावर यूपीएस किती वेळ तग धरतो, एवढं कळवा. तोवर क्रोम पुन्हा काढून टाकू देऊ नका.